जेवायचं कुठं, ते आप्पांना विचारा

"मालक, तुमी स्वतः कुठं जेवता?"

हॉटेलात शिरल्यावर शेषराव आप्पांचा हा पहिला प्रश्न असतो. बाकीची माणसं आधी हात धुतात, पंख्याखालची जागा पकडतात, पाणी मागतात. आप्पा गल्ल्यापाशी जातात, दोन्ही हात मागे बांधतात आणि सोयरीक जमवायला आल्यासारख्या मवाळ आवाजात मालकाला हे विचारतात. मालक "इथंच की" म्हणाला तर आप्पा बसतात. "घरून डबा येतो" म्हणाला तर पिशवी उचलून बाहेर पडतात. त्यांच्यासोबत आलेल्यांनीही मुकाट्यानं उठायचं, मग टेबलावर पाण्याचे ग्लास आलेले असोत नाहीतर पापड.

मी हे पहिल्यांदा पाहिलं ते औंढ्याहून दर्शन करून परतताना. आम्ही चौघं होतो. आप्पा, त्यांच्या पत्नी सुभद्राकाकू, माझा नवरा संजय आणि मी. दुपार उलटली होती, भुकेनं जीव कासावीस झाला होता. रस्त्यालगतच्या हॉटेलचा मालक चांगला गुबगुबीत, हसरा माणूस होता आणि दुर्दैवानं प्रामाणिकही होता. तेलकट सोसत नाही म्हणून आपला डबा घरून येतो, असं त्यानं सांगून टाकलं.

"तुमाला सोसत न्हाई, ते आमाला काहून देऊन राहिले?" आप्पा म्हणाले. आवाजात राग नव्हता, खरीखुरी जिज्ञासा होती.

आम्ही उठलो. नेमका तेव्हाच मालकाचा डबा आला. आप्पा दारातून मागे वळले आणि भाजी कशाची आहे असं त्यांनी विचारलं. अंबाडीची, असं उत्तर आलं. आप्पा जागचे हललेच नाहीत. शेवटी मालकालाच अवघडल्यासारखं झालं. त्यानं घरी फोन लावला. अर्ध्या तासानं आम्ही चौघं त्याच्या घराच्या मागच्या अंगणात बसून अंबाडीची भाजी आणि गरम भाकरी खात होतो. त्याची बायको चुलीपुढून सारखी वळून आमच्याकडे बघत होती. आपला नवरा हॉटेलातली गिऱ्हाइकं एक दिवस घरी घेऊन येईल, हे तिच्या स्वप्नातही आलं नसेल. निघताना आप्पांनी मालकाला बाजूला घेऊन सल्ला दिला की हॉटेल बंद करा आणि घर चालू करा.

शेषराव आप्पा आमचे घरमालक. आम्ही दोघं मूळचे नगरकडचे. मी शाळेत शिकवते, संजय बँकेत आहे. त्याची बदली वसमतला झाली तेव्हा आप्पांच्या घराचा वरचा मजला आम्ही भाड्यानं घेतला. खाली आप्पा आणि काकू राहतात. आप्पांनी सारा जन्म विहिरीवरच्या पाण्याच्या मोटारी दुरुस्त केल्या. जळालेली मोटार आणून टाकायची, आप्पा तिच्यातली तार काढून नवी भरून देणार, असा तो धंदा. आता दुकान मुलगा बघतो, पण धंद्याची भाषा आप्पांच्या तोंडातून गेलेली नाही. आमटी पातळ असली की ते म्हणतात, "होल्टेज कमी हाय." मसाला नीट भाजला नसेल तर, "वायंडिंग घाईत केली." आणि एखाद्या ठिकाणी सगळं मनासारखं जमून आलं तर डोळे मिटून एवढंच, "उचललं पाणी."

दिवाळीची नाहीतर उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की आमच्या ओट्यावर माणसं यायला लागतात. कुणी तिरुपतीला निघालेलं असतं, कुणी महाबळेश्वरला, कुणाची मुलगी बंगळुरूला असते. हट्टा, कुरुंदा, जवळा बाजार, कुठून कुठून लोक येतात. तिकडं बघण्यासारखं काय आहे हे सांगायला सगळं जग बसलंय. खाण्यासारखं काय आहे, ते सांगणारा माणूस मात्र आमच्या खालच्या मजल्यावर राहतो.

आप्पा आधी उलटतपासणी घेतात. कधी निघणार, खाऊन की उपाशी, गाडीत लहान लेकरं किती, म्हातारं कोणी आहे का, त्याचे दात आहेत का. मग ते रस्ता सांगायला लागतात. तो रस्ता गावांचा नसतो, भुकेचा असतो. अमुक गाव सोडलं की तुम्हाला भूक लागेल, पण तिला दाद देऊ नका. पुढं रेल्वेचं फाटक येईल. फाटकाच्या पलीकडे चिंचेखाली निळ्या पत्र्याची टपरी आहे, तिथली बाई पिठलं करते.

"फक्त दही मागू नका," आप्पा बजावतात. "दही तिच्या जावेकडून येतं, अन् त्या दोघींचं सध्या पटून न्हाई राहिलं."

ही माहिती खोटी ठरल्याचं मी आजवर ऐकलं नाही. एकदा एक कुटुंब परत येऊन सांगून गेलं की जावांचं पटलंय, आता दही मागायला हरकत नाही. आप्पांना फार समाधान झालं.

त्यांचे स्वतःचे असे काही सिद्धांत आहेत. ट्रकवाले थांबतात तिथलं जेवण चांगलं असतं, हे त्यांना मुळीच मान्य नाही. ट्रकवाले थांबतात कारण तिथं ट्रक लावायला जागा असते, असं त्यांचं म्हणणं. मेनूकार्ड पुढं आलं की ते उघडून बघतही नाहीत, तळहातावर धरून नुसतं तोलतात. "एवढ्या जिनसा एकटा माणूस कवा शिकला असंल?" म्हणतात आणि परत देतात.

जवळा बाजारचे खलीलभाई म्हणून कापसाचे व्यापारी आहेत, आप्पांचे जुने दोस्त. घरच्या सगळ्यांना घेऊन ते हैदराबादला निघाले होते. ते आले आणि म्हणाले, "आप्पा, तुम्ही ठहरे घासफूसवाले, आमचं काय?" आप्पा शुद्ध शाकाहारी. पण त्यांच्याकडे यालाही उत्तर तयार होतं. हैदराबादला गेले असताना ते बिर्याणीच्या एका दुकानासमोर दुपारभर उभे राहिले होते, म्हणे.

"बाहेर पडणाऱ्याचं तोंड बगायचं," त्यांनी आम्हाला समजावलं. "आत जाणारा भुकेला असतो, त्याच्या तोंडाचं काय खरं न्हाई. बाहेर येणारं तोंड खोटं बोलत न्हाई."

खलीलभाई त्याच दुकानात जेवून आले आणि आल्या आल्या आप्पांच्या गळ्यात पडले.

एवढं फिरून आप्पांनी पाहिलं काय, असं विचाराल तर काही नाही. अजिंठ्याला ते पायथ्याशी कणसं भाजणाऱ्या बाईशी गप्पा मारत बसले आणि काकू सहलीच्या गटासोबत लेणी बघून आल्या. परत आल्यावर मी आप्पांना लेणी कशी वाटली असं विचारलं. ते म्हणाले, "उन्हात हायेत."

आता राहिल्या सुभद्राकाकू. बारीक चणीच्या, कमी बोलणाऱ्या. आप्पा गाडीत बस म्हणाले की बसायच्या, उतर म्हणाले की उतरायच्या. आम्ही नवीन होतो तेव्हा त्यांनी आम्हाला जेवायला बोलावलं होतं. सगळं नीट शिजलेलं होतं, स्वच्छ होतं, आणि कशालाच काही चव नव्हती. वरण, भाजी, कढी, डोळे मिटून खाल्लं असतं तर कोणतं काय ते ओळखता आलं नसतं. वर येताना जिन्यात संजय हळूच म्हणाला की आप्पा जगभर हॉटेलं का शोधत फिरतात ते आता कळलं. मलाही तसंच वाटलं. गल्लीतल्या नव्या बिऱ्हाडांतही हीच चर्चा असायची. जुने शेजारी मात्र त्यात कधी बोलायचे नाहीत, लगेच दुसरा विषय काढायचे.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही कोकणात जायचं ठरवलं. संजयला समुद्र हवा होता. मी सहज आप्पांना म्हटलं की तुम्हीही चला, काकूंनी समुद्र पाहिलेला नाही. समुद्राचं नाव काढल्यावर आप्पांच्या चेहऱ्यावरची रेषासुद्धा हलली नाही. पण संध्याकाळी ते वर आले ते वेगळ्याच उत्साहात. तिकडच्या एका गावात एक म्हातारी खानावळ चालवते, तिची सोलकढी प्याली की माणूस डोळे मिटून घेतो, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. सोलकढी म्हणजे कोकम आणि नारळाच्या दुधाची कढी. "डोळे मिटतो म्हणजे गच्च मिटतो," आप्पा पुन्हा पुन्हा सांगत होते. वाटेतले मुक्कामही त्यांनीच ठरवले.

गाडी आप्पांची, चालवायला संजय. सोलापूरला आप्पांनी आम्हाला शेंगाच्या चटणीसाठी एका बोळात नेलं. ती इतकी तिखट होती की संजयच्या कानांतून धूर निघायचा तेवढा बाकी राहिला. दुसऱ्या दिवशी दुपारी कोल्हापूरच्या पुढं एका धाब्यावर हिरवा ठेचा. तो खाऊन संजयला उचकी लागली. संध्याकाळी आणखी एका ठिकाणी, कारण तिथं कारलं मुद्दाम कडू ठेवतात. संजय त्यानंतर केळ्यांवर आला.

सलग इतकी जेवणं आप्पांसोबत जेवल्यावर माझ्या एक गोष्ट लक्षात आली. पहिलं ताट आलं की आप्पा ते काकूंपुढं सरकवायचे. कोपरं टेबलावर टेकवून, पुढं वाकून त्यांच्या तोंडाकडं बघत राहायचे. काकूंनी घास घेतला की विचारायचे, "कसं हाय?" काकू म्हणायच्या, "बरं हाय." मग आप्पा मालकाला जाऊन सांगायचे की चांगलं आहे हो, आणि स्वतः अर्धी भाकरी औषध घ्यावं तशी गिळून उठायचे. खाण्यासाठी एवढी वणवण करणारा माणूस खातच नव्हता.

त्या कारल्याच्या ठिकाणी हात धुताना मी काकूंना म्हटलं की आप्पांना सांगा ना, एकदा तरी साधा वरणभात मिळेल अशा जागी थांबू या, संजयच्या पोटाचं काही खरं नाही. काकूंनी नळ बंद केला. पदराला हात पुसले.

"काय सांगू माय," त्या म्हणाल्या. "ते माझ्यापायी चाललंय सगळं. मला चव येत न्हाई."

मला आधी नीट कळलंच नाही. मग त्यांनी सांगितलं. साथीच्या दिवसांत दोघांनाही ताप आला होता. आप्पा बरे झाले. काकूही उठल्या, पण त्यांचा वास गेला आणि चव गेली. नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं की काहींना वेळ लागतो, धीर धरा. लोकांची चव महिन्या-दोन महिन्यांत परत आली, काकूंची आली नाही. आमच्याकडे काढणीनंतर शेतोशेत हळद शिजायला लागली की सगळी हवा त्या वासानं भरून जाते, नाकाला पदर लावावा लागतो. काकूंना त्यातलं काही कळत नव्हतं.

त्याआधी सुभद्राकाकूंच्या हाताचं जेवायला कुरुंद्याहून माणसं यायची. हे आप्पा तर हॉटेलात चहासुद्धा घेत नसत. मोटार दुरुस्तीला कुठंही जायचं असो, डबा काकूंचाच. पुण्याला लग्नाला गेले तरी भाकरी बांधून नेलेली. मग एका सणाला काकूंनी पाहुण्यांसाठी खीर केली आणि ती नासलेल्या दुधाची निघाली. काकूंना वासही आला नाही, चवही कळली नाही. सगळ्यांनी वाट्या तशाच सरकवल्या. आप्पांनी मात्र दोन वाट्या खीर पिऊन दाखवली आणि रात्रभर आजारी होते. त्या दिवसापासून काकूंचा हात आखडला. सगळं मोजून, सगळं कमी, चुकायला नको म्हणून.

"त्यांना हॉटेलचं जेवण आवडत न्हाई," काकू म्हणाल्या. "कधीच आवडलं न्हाई. कुणीतरी त्यांच्या डोक्यात घातलंय की लई तिखट, लई कडू, लई आंबट खाल्लं की जिभेची तार पुन्हा जुळती. म्हणून हिंडवून राहिले मला. तिखटाची आग तेवढी कळते माय, बाकी सगळी माती. पण ते असे तोंडाकडं बगत बसतात. मग मी म्हणते, बरं हाय."

गाडीत आप्पा हॉर्न वाजवत होते. पुढच्या मुक्कामाला उशीर होत होता. मी जाऊन बसले. त्यानंतर कोणत्याही थांब्याबद्दल मी तक्रार केली नाही. संजयलाही रात्री सगळं सांगितलं. सकाळी तो आपणहून म्हणाला, "आप्पा, कोकणातली ती म्हातारी किती लांब आहे? आज कुठंच थांबायला नको, थेट तिथंच जाऊ."

घाट उतरून, विचारत विचारत आम्ही त्या गावात पोहोचलो तेव्हा दुपार झाली होती. लाल मातीची वाट, दोन्ही बाजूंना माड, टोकाला कौलारू घर. आप्पा गाडी पूर्ण थांबायच्या आत उतरले. दाराला कुलूप होतं.

शेजारच्या घरातून एक वहिनी बाहेर आल्या. त्यांनी सांगितलं की आजी मुंबईला लेकीच्या बाळंतपणाला गेल्यात, सव्वा महिना तरी यायच्या नाहीत. आप्पांनी ऐकून घेतलं. मग ते बंद दाराच्या पायरीवर बसले आणि म्हणाले, "थांबू."

संजयनं समजावलं की सव्वा महिना आहे आप्पा. आप्पांनी मान हलवली, पण उठले नाहीत. हॉटेलातून पिशवी उचलून निघून जाणारा हा माणूस मी रोज बघत होते. बंद दारापुढं असा बसलेला कधी पाहिला नव्हता. त्यांचं वय त्या पायरीवर एकदम दिसायला लागलं.

आम्ही चौघंही उपाशी होतो. वहिनींच्या ते लक्षात आलं असावं. त्या म्हणाल्या की हॉटेल गावात नाही, पण कुळथाचं पिठलं आणि भात टाकते, चालेल तुम्हाला? काकू म्हणाल्या, "एकट्या काहून करता, मी येते हाताखाली." मी आप्पांजवळ थांबू का असं विचारलं तर काकूंनी माझा हात धरून मला सोबत आत नेलं.

"त्यांना बसू द्या," त्या म्हणाल्या. "कुणी न्हाई बगितलं की बरं वाटतं कधीकधी."

स्वयंपाकघरात काकू वेगळ्याच झाल्या. पदर खोचला, पाट ओढला आणि वहिनींना काय कुठं आहे ते विचारत कामाला लागल्या. वहिनींनी नारळ खोवून दिला, काकूंनी त्याचं दूध पिळून काढलं. वहिनींनी कोकमाचा खारवलेला रस, त्याला तिकडे आगळ म्हणतात, तो बाटलीतून भांड्यात ओतला आणि त्या भाताकडे वळल्या. काकू ते मिसळत होत्या. थोडं मनगटावर ओघळलं. रोज स्वयंपाक करणाऱ्या बायका करतात तसं त्यांनी नकळत मनगट तोंडाला लावलं.

त्यांचा एक डोळा बारीक झाला.

त्या थांबल्या. बोट बुडवून पुन्हा जिभेला लावलं. मग बाटलीतल्या रसाचा थेंब घेतला. माझ्याकडं बघितलं.

"माय, हे आंबट हाय का?"

मी चाखलं. दात शिवशिवले. "हाय," मी म्हटलं.

"लई?"

"लई, काकू."

त्या पाटावर बसून राहिल्या. पदर तोंडाशी धरला होता, त्यामुळे हसतायत की रडतायत ते कळेना. वहिनी घाबरून विचारायला लागल्या की रस जास्त झाला का, पाणी घालू का. मी म्हटलं, नको, अगदी ठीक आहे. मी बाहेर पळणार होते, पण काकूंनी माझा पदर धरला. आत्ताच सांगायचं नाही म्हणाल्या. मागं एकदा गूळ गोड लागल्यासारखा वाटला होता. आप्पांनी त्याच दिवशी गल्लीत पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळं मातीसारखं. त्यानंतर आप्पा किती तरी दिवस कुणाशी बोलले नव्हते.

"पक्कं झाल्याबिगर न्हाई," काकू म्हणाल्या. "त्यांना आता सोसायचं न्हाई."

आम्ही ओसरीवर जेवायला बसलो. आप्पा ताटात बघून जेवले. त्या दिवशी त्यांनी काकूंच्या तोंडाकडं बघितलं नाही, काही विचारलं नाही. काकू मात्र वाटी तोंडाला लावून कढी प्यायल्या, आणखी मागून घेतली, पुन्हा प्यायल्या. प्रत्येक घोटाला डोळे गच्च मिटत होते. आप्पांनी एकदा जरी मान वर केली असती तर त्यांना सगळं दिसलं असतं. त्यांनी केली नाही. जेवण झाल्यावर वहिनींना हात जोडून म्हणाले, "लई तकलीफ दिली तुमाला," आणि परतीचं बोलायला लागले.

संजय म्हणाला, आलोच आहोत तर समुद्र बघून जाऊ.

"पाणीच हाय ना?" आप्पा म्हणाले. पण आले.

उन्हं कलली होती. किनाऱ्यावर फारसं कुणी नव्हतं. आप्पांनी चपला काढून हातात घेतल्या, कोरड्या वाळूत बसले ते समुद्राकडं पाठ करून. समोर दूरवर भेळेची एक गाडी होती, तिच्याकडं बघत. काकू मात्र थेट पाण्याकडं गेल्या. पहिली लाट पायांवर आली तशा मागं सरल्या, मग लुगडं थोडं वर धरून घोट्यापर्यंत पाण्यात उभ्या राहिल्या. बराच वेळ नुसत्या बघत होत्या. मग खाली वाकल्या, बोटं भिजवली आणि जिभेला लावली. पुन्हा वाकल्या. पुन्हा लावली.

"अहो," त्यांनी हाक मारली. "इकडं या जरा."

आप्पा चपला हातात घेऊन, वाळू तुडवत नाराजीनं गेले. मी आणि संजय मागं थोडं अंतर ठेवून उभे होतो.

"हे पाणी खारट हाय वो," काकू म्हणाल्या.

"समुद्राचं पाणी खारटच असतं," आप्पा म्हणाले. "शाळेतल्या पोरालाबी ठाऊक हाय." आणि ते परत फिरले.

चार पावलं चालले असतील. मग थांबले. पाठमोरे तसेच उभे राहिले. हातातल्या चपला खाली पडल्या, लाट आली, त्यातली एक घेऊन गेली. संजय तिच्यामागं धावला. आप्पांना त्याचा पत्ता नव्हता. ते वळले.

"काय म्हणालीस?"

"खारट हाय."

"तुला लागून राहिलं?"

"व्हय. अन् दुपारची कढी आंबट होती."

"मग तवाच काहून न्हाई सांगितलंस?"

"तुमी पेढे वाटले असते," काकू म्हणाल्या.

आप्पा पाण्यात शिरले. पँट भिजतेय याचंही त्यांना भान नव्हतं. काकूंच्या शेजारी वाकून त्यांनी ओंजळीत पाणी घेतलं, तीर्थ घ्यावं तसं थोडं तोंडात घेतलं आणि एखादा नवा पदार्थ समोर आल्यावर घोळवतात तसं ते जिभेवर घोळवत राहिले. कितीतरी वेळ घोळवत होते.

"बराबर हाय," ते म्हणाले.

मग दोघं तिथंच उभे राहिले. सूर्य बुडेपर्यंत ते बाहेर आले नाहीत. काकू अधूनमधून वाकून पाणी चाखत होत्या आणि आप्पा प्रत्येक वेळी "आता?" असं विचारत होते.